नकार कोणी द्यायचा

हँबर्गच्या एका कंपनीने रजेच्या अर्जांचं सॉफ्टवेअर पुण्यात करायला दिलं होतं. त्यात एक नियम भलताच होता. विभागप्रमुखाने रजा नाकारली, तरी अर्ज मोठ्या साहेबांकडे जायचा आणि मग तेही ती नाकारायचे. पुण्याच्या पोरांना वाटायचं, ही चूकच असणार. ती दर वेळी नियम काढून टाकायची आणि मोठे साहेब, ब्रँट, दर वेळी आणखी जाडजूड खुलासा पाठवायचे.

शेवटी टीमची प्रमुख मृणाल सबनीस हिने पोरांना एक गोष्ट सांगितली आणि काम बिनचूक झालं.

हे कळताच ब्रँटसाहेब व्हिडिओ कॉलवर कडाडले, "आमच्याकडे ज्ञान कागदावरून दिलं जातं. गोष्टी पोराटोरांसाठी असतात. कोणती गोष्ट ती?"

मृणाल म्हणाली, "सुनेने भिकाऱ्याला सांगितलं, भीक नाही. सासूने त्याला वाटेतून परत बोलावलं. बिचारा आशेने आला, तर सासू म्हणते, 'नाही म्हणणारी ती कोण? घर माझं आहे. आता मी सांगते, भीक नाही.'"

पडद्यावर हँबर्गचे विभागप्रमुख माना खाली घालून हसू दाबू लागले. ब्रँटसाहेब लालबुंद झाले. "यातली सासू कोण?"

"ते मी सांगणार नाही, साहेब," मृणाल म्हणाली. "पण तुमच्या नियमाप्रमाणे नुसता माझा नकार चालत नाही. वरून तुमचाही लागतो."

"नाही, सांगायचं नाही," ब्रँटसाहेब गरजले, आणि सासू कोण ते दोन्ही देशांत एकदमच कळलं.