खजिन्यातले डूल

झारच्या घराण्यात सून म्हणून यायचं, तर लग्नात खजिन्यातले हिऱ्यांचे डूल घालावेच लागत. एकेक डूल चांगला अंड्याएवढा! जर्मनीहून आलेल्या नवऱ्या मुलीने, ओटिलियाने, ते पाहूनच विचारलं, "दोरीने कानावरून अडकवले तर?"

खजिन्याचा अधिकारी काउंट व्याझिन कडाडला, "दोरी? राजकन्ये, शंभर वर्षांत एकाही सुनेने कुरकुर केली नाही. एवढंसं वजन ते काय!"

डूल कानात घालण्याआधी नवरीला त्यांचा आणि ते घातलेल्या एकेका महाराणीचा इतिहास ऐकवायचा, असा रिवाज होता. काउंटला तो तोंडपाठ होता.

"ऐकवा ना," ओटिलिया नम्रपणे म्हणाली. "फक्त संपेपर्यंत हे डूल हात पुढे करून चिमटीत धरा."

काउंट ऐटीत सुरू झाला. दुसऱ्या महाराणीपाशी त्याची बोटं थरथरू लागली. चौथीपाशी त्याने डूल मखमलीच्या उशीवर टेकवले.

"काउंटसाहेब, आपली बोटं पाव तासात दमली," ओटिलिया म्हणाली. "माझ्या कानांना लग्नात हे वजन चार तास पेलायचंय, आणि त्यांना मध्येच उशीवर टेकता येत नाही."

काउंटने स्वतःच्या कोटावरची सोनेरी दोरी उसवली आणि पुढे केली.