भाजलेलं घर

“रोज मोडायचंच असेल, तर घडवायचं कशाला, राहीमाय?”

सोमाजीने हे विचारलं तेव्हा दिवस कलला होता. अंगणातली सतरा मुलं आपापलं मातीकाम हातात घेऊन पाण्याच्या खड्ड्याकडे निघाली होती.

राहीमाय चाकावरचा चिखल बोटाने निपटत होती. तिने मान वर केली नाही.

“तू आज जेवलास न्हवं?”

“जेवलो.”

“आन् काल?”

“कालही जेवलो.”

“मग आज परत कशाला जेवलास?”

सोमाजी नदीकडे वळला. पटलं म्हणून नव्हे. राहीमायची उत्तरं त्याला सहसा पटत नसत. शिष्य म्हणून आला होता खरा, पण आल्या दिवसापासून तो गुरूच्याच चुका वेचत बसला होता.

तसा तो लहानसहान माणूस नव्हता. राजाने लढाई जिंकली तेव्हा राजधानीत विजयस्तंभ उभा राहिला, तो सोमाजीने कोरलेला. त्यावरचे हत्ती पाहायला लोक गाड्या जुंपून येत. पण स्तंभ पुरा झाल्यावर त्याचा हात चालेना. छिन्नी धरली की बोटं आखडत. कुणीतरी म्हणालं, घाटाखालच्या धर्मशाळेपाशी एक म्हातारी कुंभारीण आहे, मातीत हात घालायला लावून माणसं बरी करते, तिच्याकडे जा.

आला त्या दिवशी राहीमायने एवढंच विचारलं होतं, “खांबावर काय काय कोरलंस?”

“हत्ती, घोडे, भालाईत. पाचशे आकृत्या आहेत.”

“आन् घरं किती?”

“घरं नाहीत.”

“बरं. पाय धू. चिखल तुडवाय बस.”

धर्मशाळेतली मुलं त्याच लढाईतली होती. ज्या गावांवरून सैन्य गेलं, त्या गावांची. कुणी रात्रभर दात खाई, कुणी ताटातली भाकर कुशीत लपवी, एक तर भांडं पडलं तरी खाटेखाली शिरे. राहीमाय त्यांना काही शिकवत नसे. सकाळी प्रत्येकापुढे चिखलाचा एकेक गोळा ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची. नियम एकच. दिवसभर जे घडेल ते संध्याकाळी ज्याचं त्याने आपल्या हाताने खड्ड्यात सोडायचं. सकाळपर्यंत त्याचा पुन्हा चिखल होई.

मुलांचं काही ती भाजत नसे. स्वतःची मडकी-रांजण तेवढी पंधरा दिवसांनी भाजायची, आणि त्या दिवशी मुलांना बैलगाडीत घालून टेकडीपलीकडच्या मळ्यात धाडायची. धूर त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत येई.

सोमाजीला ते मोडणं बघवत नसे. मुलं खड्ड्याकडे निघाली की तो पंचा खांद्यावर टाकून नदीची वाट धरी. चांगलं काम चिखलात जाताना बघणं शिल्पकाराच्या जिवावर येतं, असं तो स्वतःला सांगे.

आणि सगळ्यात जास्त जिवावर येई ते तुळसाचं घर.

तुळसा आठेक वर्षांची पोर. आल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. रोज एकच घर करायची. उतरतं छप्पर, बाहेर ओटा, ओट्याला एक पायरी आणि किंचित उघडं दार. भिंती इतक्या पातळ आणि सरळ की सोमाजीला हेवा वाटावा. पोरगी शिकलेली नव्हती, आणि तिच्या बोटात जे होतं ते त्याच्या पाचशे आकृत्यांत नव्हतं.

हे तो कुणाला बोलला नाही.

भट्टीच्या दिवशी गाडी जरा लवकरच आली. तुळसाचं घर नुकतंच पुरं झालं होतं. तिने त्यावर ओलं फडकं टाकलं. मग सोमाजीपाशी आली, त्याचं बोट धरून त्याला तिथवर घेऊन गेली आणि त्याचा हात त्या फडक्यावर ठेवला.

नुसतं त्याच्याकडे पाहिलं… आणि पळत जाऊन गाडीत बसली.

सोमाजीची छाती फुगली. सगळ्यांना सोडून हिने मलाच निवडलं! काम टिकवायचं म्हटल्यावर शिल्पकारालाच सांगणार ना!

खरं सांगायचं तर पंधरा दिवसांपासून त्याचा डोळा त्या घरावर होता. ते राजधानीला न्यायचं, दरबारात मांडायचं, लढाई म्हणजे काय ते तिथल्या लोकांना दाखवायचं. आणि ते कुणी आणलं, हेही लोक विचारतीलच की.

राहीमायला विचारलं तर ती नको म्हणेल हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने विचारलं नाही. फडकं काढलं, दुपारपर्यंत घर उन्हात फिरवून फिरवून कोरडं केलं, आणि मडक्यांच्या उतरंडीआड गुपचूप भट्टीत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी घर भट्टीतून अखंड निघालं. लाल, खणखणीत. त्याने ते धुतलं, पाटावर ठेवलं आणि राहीमायला हाक मारली.

राहीमाय आली. बघत राहिली.

“कुनाचं हाय?”

“तुळसाचं. तिनेच माझ्यावर सोपवलं. माय, हे मी दरबारात मांडणार. तुमचंही नाव होईल.”

राहीमायचा चेहरा उतरला.

“आत बघितलंस?”

“आत काय बघायचं?”

“बघ.”

सोमाजीने वाकून त्या किंचित उघड्या दाराला डोळा लावला. आत, कोपऱ्यात, अंगठ्याएवढं एक माणूस बसलेलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, हनुवटी गुडघ्यावर टेकलेली. भाजून जमिनीला घट्ट चिकटलं होतं.

तेवढ्यात टेकडीवरून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

तुळसा गाडी थांबायच्या आतच उतरली आणि धावत आली. पाटावरचं लाल घर पाहून थबकली. तिने भिंतीला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. घर तर केव्हाच निवलं होतं.

मग तिने दारातून दोन बोटं आत घातली. ओढलं. पुन्हा ओढलं.

आतलं हललं नाही.

ती रडली नाही. रांजणाजवळचा घडा भरून आणला आणि घरावर ओतला. थोडं थांबून भिंत अंगठ्याने दाबून पाहिली. पुन्हा घडा आणला. शेवटी तिने घर उचललं, खड्ड्यात चिखलात नेऊन ठेवलं आणि काठावर बसली. घड्यातलं उरलंसुरलं पाणी थोडं थोडं करून त्यावर सोडत राहिली.

सोमाजी राहीमायकडे वळला.

“माय… आत कोण आहे?”

राहीमाय चाकाशी बसली. चाक फिरवलं मात्र नाही.

“आली तवा घर समदं मानसांसकट तुडवायची. पायानं. म्या बोलले न्हाई. मग एक दिस मोडायच्या आधी आतनं एक मानूस काढला. काठीवाला, आजा असंल. त्याला वट्यावर ठिवला आन् मग घर खड्ड्यात सोडलं.”

“मी… मला हे ठाऊक नव्हतं.”

“तू नदीवर असायचास. मग आय काढली. मग तान्हं पोर. परवाच्याला बाप काढला. अडीच म्हैनं लागलं, सोमाजी. आता एकच काढायचं ऱ्हायलं व्हतं.”

“कोण?”

राहीमाय खड्ड्याकडे बघत होती.

सोमाजीनेही पाहिलं. तुळसा काठावर बसली होती. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यावर.

त्याला समजलं. समजलं आणि अंगावरचे कपडे कुणी भरबाजारात ओरबाडून घ्यावेत तसं त्याला झालं. पोरीने त्याचा हात फडक्यावर ठेवला होता तो राखणीसाठी. मी येईस्तोवर सांभाळ, एवढंच तिचं म्हणणं होतं.

“काल जायाच्या आधी काढायची व्हती,” राहीमाय म्हणाली. “गाडी लवकर आली.”

“माय, पुरे.”

“तिचं घर एकदा जळलं व्हतं. ते लढाईनं जाळलं.”

“माय, पाया पडतो…”

“ह्ये तू जाळलंस.”

सोमाजी उठला. खोलीत जाऊन त्याने गाठोडं बांधलं. आपण चोर आहोत असं त्याला वाटलं, आणि चोराने काही नेलं असतं, तरी आत बसलेल्या पोरीला आग लावली नसती, असंही वाटलं. विजयस्तंभावरचे ते पाचशे जण, ते हत्ती, ते घोडे, ते कुठल्या गावांवरून गेले हे कोरताना त्याने एकदाही विचारलं नव्हतं. इथेही विचारलं नाही.

गाठोडं घेऊन तो राहीमायपुढे खाली मान घालून उभा राहिला.

“मी जातो. या पोरांना तोंड दाखवायची माझी लायकी नाही.”

“जा की. जानं लई सोपं हाय.”

तो तसाच उभा राहिला.

“जात न्हाईस?”

“…काय करू, ते तुम्ही सांगा.”

“घडा उचल. नदीवरनं पानी आन आन् तिच्या घरावर ओत.”

“पण माय…”

“ओत.”

सोमाजीने घडा उचलला. नदीवर गेला, भरून आणला आणि ओतला. तुळसाने त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त थोडी लांब सरकून बसली. ते सरकणं त्याला थपडेसारखं लागलं. तो पुन्हा नदीकडे गेला.

संध्याकाळी बाकीची मुलं आपापलं मातीकाम घेऊन आली. खड्ड्यात लाल घर पाहून थांबली. कुणीच काही सोडलं नाही. आपापलं कवटाळून काठावर बसून राहिली, आणि त्यांच्या मधून हा मोठा शिल्पकार घडे वाहत राहिला. एका पोराने त्याच्या वाटेतून पाय काढून घेतला, तेव्हा सोमाजीला वर बघवेना.

दुसरा दिवस तसाच गेला. तुळसा सकाळी येऊन काठावर बसे, अंधार पडायच्या आत उठे. समोरचा गोळा तिने हातात घेतला नाही. सोमाजीच्या खांद्यावर घड्याने वळ उठले. कुणी त्याला थांब म्हणालं नाही, आणि कुणी म्हणावं अशी त्याची इच्छाही उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने घडा ओतला, खाली ठेवला आणि दम खायला काठावर टेकला. या वेळी तुळसा लांब सरकली नाही.

बराच वेळ दोघं ते घर बघत होती. लाल, खणखणीत, होतं तसंच.

मग तुळसाने गुडघे सोडले. एक पाय खड्ड्यातल्या चिखलात टाकला. मग दुसरा. आणि रिकामा घडा दोन्ही हातांनी त्याच्याकडे ढकलला.

सोमाजीला हुंदका आवरेना. घडा घेऊन तो नदीवर गेला नाही, तो सरळ राहीमायपुढे येऊन बसला.

“माय, भाजलेली माती भिजत नाही. शंभर वर्षं पाणी ओतलं तरी भिजत नाही.”

“म्या कुंभारीन हाय. मला सांगतोस?”

“मग तीन दिवस मला काय करायला लावलंत?”

राहीमायने त्याचे दोन्ही हात ओढून घेतले आणि तळवे उलटे करून पाहिले. वीस वर्षांच्या छिन्नीचे घट्टे पाण्याने पांढरे पडले होते, मऊ झाले होते. एका घट्ट्यावरून तिने अंगठा फिरवला. मग चिखलात उभ्या तुळसाकडे पाहिलं, आणि रिकामा घडा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

“घर भिजवायला म्या कवा सांगितलं व्हतं?”