गजराबाईचा आवा

श्रोतेहो, भोकरतळे गावात भांडण झालं की आधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. मग ते पाण्याच्या पाळीचं असो, तालमीतल्या पोरांचं असो की जावाजावांचं. ज्याचं नुकसान झालं तो आधी बोलतो, ज्याच्या हातून झालं तो ऐकतो, आणि बिघडलेलं कसं सावरायचं ते दोघं मिळून ठरवतात. ही रीत निर्मळनाथ महाराजांनी घालून दिली. महाराजांचा मुक्काम तेव्हा ओढ्याकाठच्या मठीत होता.

त्याच ओढ्याच्या उताराला गजराबाई कुंभारणीचं घर होतं. नवरा गेलेला, घरात फक्त अंध सासरे. चाकावर हात चालू असला तरी तिच्या ओठांवर नाथांचं नाव असायचं. अक्षय्य तृतीया जवळ आली होती आणि अंगण कच्च्या मडक्यांनी भरलं होतं. एका पहाटे वरच्या अंगाचा पाट फुटला आणि पाण्याचा लोंढा थेट अंगणात शिरला. बाई धावत बाहेर आली तोवर मडक्यांचा चिखल झाला होता. काय झालं म्हणून चाचपडत निघालेले सासरे त्या चिखलात घसरले आणि त्यांचा पाय मोडला.

पाट फोडला होता शिदू माळ्याने, आपल्या पानमळ्यासाठी. तो तिथेच सापडला. गावचे दौलतराव पाटील चावडीवर गरजले, "गाढवावर बसवा आणि शिवेपार घालवा याला!"

लोक माना डोलवू लागले. गजराबाई मात्र उठून नीट मठीत गेली आणि महाराजांपुढे बसली.

महाराज म्हणाले, "बाई, शिदूला काय शिक्षा करायची ते सगळे बोलताहेत. तुला काय हवंय, ते कुणी विचारलं का?"

बाईला एकदम रडू फुटलं. खरंच, कुणीच विचारलं नव्हतं!

"महाराज, तो शिवेपार गेला तर माझी मडकी परत येणार आहेत का? मामंजींचं कोण करणार? मला त्याच्या तोंडून ऐकायचंय, का केलंस म्हणून. आणि त्यानं माझं ऐकावं."

"मग तसंच होईल," महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गजराबाईच्या अंगणात बैठक बसली. पाटील आले ते हसतच. "वा महाराज! चोराला मांडीला मांडी लावून बसवलंत. आता विडाही द्या त्याला! आणि गजरे, तुझी माती गप्पांनी भाजून निघणार वाटतं?"

लोक खो खो हसले. बाईचा चेहरा उतरला. महाराज शांतपणे म्हणाले, "बोल बाई."

ती शिदूकडे बघून बोलू लागली. "मामंजी झोपेत दचकतात रे. पाणी आलं, पाणी आलं, म्हणून ओरडतात. त्यांना धरून बसते मी."

इतका वेळ ताठ बसलेला शिदू हे ऐकून कोसळलाच. "आक्का, खाली घर आहे हे ध्यानातच आलं नाही. वेली डोळ्यांदेखत वाळत होत्या. माझी पाळी आली की वरच कुणीतरी पाणी अडवतं. डोकं फिरलं माझं." कोण अडवतं, ते त्याने सांगितलं नाही. पाटलांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

पाटील ताडकन उठले. "बघितलंत? चोराला आता तोंड फुटलं!" आणि उपरणं झटकून चालते झाले.

पण शिदू आणि गजराबाईचं ठरलं. शिदूने माती तुडवायची, लाकूडफाटा आणायचा, त्याच्या बायकोने म्हाताऱ्यांच्या उशापायथ्याशी बसायचं. सणाआधी मडकी भाजायचा आवा लागलाच पाहिजे! शिदूच्या पायांना भेगा पडल्या, पण तो हटला नाही. बाईचं चाक पुन्हा फिरू लागलं.

अखेर मडकी रचली, वर गवत आणि राख पसरली, आव्याला विस्तव लावला. दुपार कलली आणि डोंगरामागून काळाकुट्ट वळीव उठला! आता पाणी पडलं तर सगळी मडकी तडकणार. शिदू आवा झाकायला गवताचा झाप घेऊन धावला, पण वाऱ्याने झाप कुठच्या कुठे उडवून नेला.

"नाथा, आता तूच!" गजराबाईने टाहो फोडला.

महाराज येऊन आव्याशेजारी बसले. "भिऊ नकोस बाई. ज्यानं तुम्हां दोघांना एका कामाला लावलं, त्याला हे राखणं जड नाही." त्यांनी डोळे मिटले.

आणि काय सांगावं! पाऊस कोसळला. ओढा भरला, छपरं गळाली, वाटा वाहू लागल्या. पण आव्याभोवती थेंब पडला नाही! चहूकडे पाण्याच्या भिंती आणि मधे आवा संथ धुमसतोय. सारा गाव भिजत ते पाहायला लोटला.

दौलतराव पाटीलही आले. निथळत्या अंगाने त्यांनी पाऊल पुढे टाकलं आणि त्यांच्या ओल्या पायांखालून धूळ उडाली. ऐन उन्हाळ्यातली कोरडी, तापलेली धूळ! ते वाकले, चिमूटभर माती उचलून पाहिली. तोंडचा रंग गेला. त्यांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली.

महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही, पाटील. पाणी ज्याचं घेतलं तो पलीकडे उभा आहे."

पाटलांनी पागोटं उतरवलं. "शिदू, तुझी पाळी मीच अडवत होतो, माझ्या उसासाठी. तुझ्या हातून पाट फुटला, पण त्याचं मूळ मी आहे. उद्यापासून तुझं पाणी तुला मिळेल. उन्हाळाभर माझ्या पाळीतलंही आधी तुझ्याकडे जाईल." मग ते गजराबाईकडे वळून हात जोडू लागले.

बाईने मान हलवली. "मला नको, पाटील. आत मामंजी आहेत. त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं. हे त्यांच्यापाशी बसून सांगा."

ज्या उंबऱ्यावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तो ओलांडून पाटील आत गेले. खाटेशी जमिनीवर बसले, आपलं नाव न घेताच सगळं सांगितलं आणि म्हाताऱ्याच्या बांधलेल्या पायावर डोकं टेकलं. म्हाताऱ्याने हात फिरवून ओले केस चाचपले.

"कोण रे बाबा तू? किती भिजलायस!"

"मी... दौलत," पाटील म्हणाले.