कापड न पाहिलेला रांजण

एका नदीकाठच्या गावात, जिथे आता कुणाच्या अंगणातून निळं पाणी वाहत नाही, एके काळी एक निळारीण राहायची. निळारीण म्हणजे निळीत कापड रंगवणारी. तिच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. चिंचेनं घासा, राखेनं घासा, तो निळा रंग उतरायचा नाही. ती म्हणायची, "बाकीच्या बायका सोनं घालतात. माझं हे लेणं चोराला नेता येत नाही."

रांजणातली नीळ जिवंत असते, हे आधी समजून घ्या. दह्याला जसं विरजण लागतं, तशी नव्या रांजणाला जुन्या रांजणातली घागरभर नीळ लागते. तिला चुना, गूळ आणि टाकळ्याच्या बियांचा काढा खायला घालायचा, काठीनं ढवळायचं, की वर तांब्यासारखी चमकती साय धरते. त्यात बुडवलेलं कापड बाहेर येतं ते हिरवट पिवळं. वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं होतं. या निळारणीची नीळ तिला सासूकडून मिळालेली, सासूला तिच्या सासूकडून. तसा निळा पंचक्रोशीत दुसरीकडे नव्हता. पुन्हा पुन्हा बुडवला की तो इतका गडद व्हायचा की काळा वाटायचा, आणि गावातल्या कुठल्याही नव्या सुनेची पहिली संक्रांत त्या रंगाच्या चंद्रकळेशिवाय होत नसे.

निळारणीला मूलबाळ नव्हतं. तिच्या भावाचा मुलगा खंडू तिच्याकडे राहून काम शिकला. हात चांगला होता त्याचा. राहीशी लग्न झाल्यावर त्यानं वेगळं घर केलं आणि म्हणाला, "आत्या, आता मला माझा धंदा काढायचाय."

आत्याला आनंद झाला. तिनं आपल्या रांजणातली घागर भरली आणि त्याच्या खांद्यावर दिली.

"ही तुझ्या रांजणात ओत. आणि आजच्या आज काहीतरी बुडव. धोतर बुडव, पोतेरं बुडव, पण तिला रिकामी ठेवू नकोस."

खंडूनं घागर घरी नेली, नव्या रांजणात ओतली, गूळ घातला, काढा घातला, वर झाकण ठेवलं. झाकणाला हळदकुंकू वाहिलं. बुडवलं मात्र काही नाही.

राहीनं विचारलं, "अहो, आत्याबाई म्हणाल्या होत्या ना, आजच बुडवा म्हणून?"

"अगं, पहिलं कापड आहे. ते काय पोतेरं असावं? पहिलं कापड असं निघालं पाहिजे की शहरातला व्यापारी बघत उभा राहील. आधी जागा होऊ दे. पेठेत, चौकात. ओळीनं पाच रांजण, वर पत्र्याची सावली, पुढे गादी टाकलेलं दुकान."

दुकान त्याला दिसायचं, खोटं नाही सांगत. देवळाच्या ओट्यावर बसून तो काडीनं धुळीत त्याचा नकाशा काढायचा. रांजण इथे, दोऱ्या तिथे, गिऱ्हाईक या बाजूनं आत येणार. वाऱ्यानं नकाशा पुसला की दुसऱ्या दिवशी नवा काढायचा, आधीपेक्षा मोठा.

गावचा शिंपी जाता-जाता म्हणायचा, "काय खंडूशेठ, दुकान उघडलं का?"

"जागा बघतोय."

"बघा, बघा. आम्हाला आत यायला दार मात्र ठेवा बरं का त्यात."

लोक हसायचे. खंडूही हसायचा. शेठ म्हटलेलं त्याला आवडायचं. काम केलं नाही तरी मान मिळतो, ही चव फार वाईट असते.

पौष आला. राहीची पहिली संक्रांत. तिनं माहेरहून आणलेली कोरी पांढरी साडी काढली आणि म्हणाली, "आपल्याच रांजणात बुडवूया का? निघेल तशी निघेल. मी नेसेन."

खंडूनं साडी हातात घेतली, परत तिच्या हातात दिली.

"पहिला रंग घरात वापरला तर बाजारात काय नेऊ? आणि डाग पडले तर? आख्खा गाव तुझ्या अंगावर बघेल."

राही साडी घेऊन आत्याकडे गेली. आत्यानं साडी घेतली, राहीकडे बघितलं, आणि संध्याकाळी निळ्या हातांनी काठी टेकत खंडूच्या दारात आली.

"घरात रांजण असून सून माझ्याकडे का येते रे?"

"आत्या, अजून सुरुवात नाही केली."

"मग रोज करतोस काय?"

"गूळ घालतो, काढा घालतो, ढवळतो. एक दिवस चुकत नाही. विचार हिला."

"कापड?"

"पहिलं कापड चांगलं निघावं म्हणून थांबलोय."

आत्या उंबऱ्यावर बसली. "खंड्या, पहिलं कापड डागाळलेलंच निघतं. माझं निघालं. माझ्या सासूनं ते डोक्याला बांधून आख्ख्या बाजारात मिरवलं, म्हणाली, ही बघा माझ्या सुनेची अक्कल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हात घातला. तो रांजण आहे, देव नाही. हळदकुंकू कसलं वाहतोस त्याला?"

"चैत्रात करतो, आत्या. पाडव्याला. नक्की."

पाडवा आला. खंडूला कळलं की चौकातली जागा दसऱ्यानंतर रिकामी होणार आहे. मग त्यानं दसरा धरला. दसऱ्याला जागेचा मालक परगावी गेला. माणसाला थांबायचंच असलं की पंचांगसुद्धा त्याच्या बाजूनं बोलतं.

त्यानंतरच्या थंडीत आत्याचा जुना रांजण तडकला. सकाळी ती उठून बघते, तर रांजण रिकामा, आणि अंगणातली माती निळी. पिढ्यांची नीळ जमिनीनं पिऊन टाकली होती.

शेजारणी गोळा झाल्या, हळहळल्या. आत्या मात्र पदर खोचून कुंभाराकडे गेली. "रडता काय? रांजण फुटलाय, नीळ नाही गेली. माझ्या भाच्याकडे आहे ना." नवा रांजण आणून तिनं पुरून घेतला, आणि घागर कमरेवर घेऊन खंडूकडे आली.

"उघड रे. माझी घागर मला परत दे."

खंडूनं मोठ्या अभिमानानं झाकण काढलं. आत्या वाकली आणि तशीच थांबली. वर साय नव्हती. वास आंबट, कुजकट. तिनं लुगड्याच्या पदराचं टोक फाडलं, आत बुडवलं, घोळवलं, बाहेर काढलं. चिंधी राखेच्या रंगाची निघाली. आत्यानं ती वाऱ्यावर धरली. राही आणि खंडू दोघंही त्या चिंधीकडे बघत राहिले. वारा होता. चिंधी हलत होती. रंग बदलत नव्हता.

"रोज खायला घातलं, आत्या," खंडू म्हणाला. "एक दिवस चुकलो नाही."

"हो. खायला घातलंस. कामाला नाही लावलंस. कापडाला रंग देऊन नीळ दमते, मग तिला भूक लागते. दमल्याशिवाय नुसती खात बसली, ती आंबून गेली."

तरी तिनं प्रयत्न सोडला नाही. चुना घातला, रांजणाभोवती शेण थापून ऊब दिली, रात्री आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी रांजणाशी बसून राहिली. काही झालं नाही. शेवटी ती उठली, रिकामी घागर उचलली आणि घरी गेली. खंडूला शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं. तिनं दिली नाही.

त्या संक्रांतीला गावच्या सुनांनी बाजारातलं काळं कापड नेसलं. पहिल्या धुण्यातच त्याचा रंग गेला.

आणि आत्याच्या हातांचा निळा उतरू लागला. आधी कोपर, मग मनगटं, मग तळवे. शेवटी नखांच्या कडेला तेवढी निळी रेघ उरली, आणि एक दिवस तीही गेली. तिनं अंथरूण धरलं होतं. राही तिला पेज भरवायला बसली की त्या पांढुरक्या हातांकडे बघायचं टाळायची.

एक दिवस आत्या खंडूला म्हणाली, "नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरापाशी एक निळारी आहे. त्याच्याकडून घागर मागून आण."

"त्याचा निळा आपला नाही, आत्या."

"नाहीच."

"मग आणून काय करू?"

"आपला आता कुणाकडेच नाही. हात रिकामे ठेवून तो येणार आहे का?"

खंडू गेला. डोंगरापाशीच्या निळाऱ्यानं त्याला आधी आपल्या अंगणात राबवून घेतलं, हात बघितला आणि मग घागर दिली. ती गार पडू नये म्हणून घोंगडीत गुंडाळून, खांदे बदलत खंडू चालत आला. घरी गेला नाही. सरळ आत्याच्या अंगणात येऊन नव्या रांजणात घागर ओतली, खायला घातलं, आणि नीळ जागी होताच अंगातली बंडी काढून आत बुडवली.

बंडी बाहेर आली. हिरवी, मग हळूहळू निळी. मधे मोठाले पांढरे डाग. तो ती ओलीच घेऊन आत्याच्या अंथरुणापाशी गेला.

आत्यानं डोळे बारीक करून बघितलं. "हा आपला नाही."

"नाही, आत्या."

"डाग पडलेत."

"पडलेत." आणि मग तो लहान पोरासारखा रडला.

आत्यानं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं का? जा आता. ओलं कापड घडी करून ठेवत नाहीत."

पुढची संक्रांत आत्यानं पाहिली नाही.

खंडूचा धंदा त्याच अंगणात चालला आणि चांगला चालला. म्हाताऱ्या बायका त्याचं लुगडं उजेडात धरून बघायच्या आणि खाली ठेवायच्या. नव्या सुना मात्र आनंदानं न्यायच्या. त्यांनी जुना निळा पाहिलाच नव्हता. त्या म्हणायच्या, "खंडूकाका, असा रंग कुठे म्हणजे कुठे मिळत नाही बघा."

खंडू मान डोलवायचा आणि पुढचं कापड रांजणात घालायचा.

तात्पर्य: तयारी म्हणजे धंदा नव्हे. हातात आलंय तेवढ्यावर आजच काम सुरू करा, पहिलं काम डागाळलेलं निघालं तरी. उशिरा सुरू केलेलंही पोट भरतं, पण थांबण्यात जे मेलं, ते कुठल्याही मुहूर्तावर परत येत नाही.