खारीने बुजवलेली फट

सागाच्या जंगलात ओढ्याकाठी मोहाचे एक जुने झाड होते, आणि त्या झाडाच्या ढोलीत एक खार राहत असे. खार कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. घडीभर एका जागी बसेल तर शपथ. या खारीला त्यातून साठवणीचे भारी वेड. जंगलाच्या कडेला शेते होती. तिथून ती हरभरे वेचून आणी आणि जिथे खाच दिसेल, भोक दिसेल, तिथे दाणा कोंबून मोकळी होई. ढोलीत तर तिने थंडीभर पुरेल एवढा ढीग घातला होता, कारण यंदा तिला एकटीचेच पोट भरायचे नव्हते. ऐन थंडीत तिला पिल्ले होणार होती.

मुलांनो, खारीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर एक केसही नसतो. डोळे मिटलेले, कातडी गुलाबी, आणि आकार तुमच्या बोटाएवढा. गार वाऱ्याची झुळूकसुद्धा त्याच्या जिवावर बेतते. आणि नेमकी याच वर्षी ढोलीच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत फट पडली. उत्तरेचा वारा तिच्यातून थेट आत येऊ लागला. खारीने तिथे नाक लावून पाहिले आणि गार झोत लागताच ते झटकन मागे घेतले.

त्या जंगलाची रीत अशी होती की लाकडाचे काही बिघडले की सुतारपक्ष्याला बोलवायचे, तो सांगेल ते ऐकायचे आणि तो मागेल ते द्यायचे. खारीनेही त्याला निरोप धाडला. दोन दिवस वाट पाहायला लावून तो एकदाचा आला. त्याने खोडावर टकटक केले, मान तिरकी केली आणि पुन्हा टकटक केले.

"हे आधीचे काम कोणी केले होते?" शेवटी त्याने विचारले.

"आधीचे काम कसले, सुतारदादा? झाड आहे हे. आपोआप वाढले."

"तरीच," सुतारपक्षी म्हणाला. "यात आता काही राम नाही, खारुताई. पलीकडच्या झाडावर नवी ढोली कोरून देतो. तुमच्या साठ्यातले निम्मे हरभरे लागतील."

"पण तुम्ही तर दाणे खात नाही."

"दाणे ठेवून दिले की त्यांत किडे पडतात. ते मी खातो."

खारीने ढिगाकडे पाहिले. निम्मे दाणे गेले तर थंडी सरायच्या आधीच उपास घडणार, आणि आई उपाशी राहिली तर पिल्लांना दूध कुठून मिळणार? "विचार करून सांगते," असे म्हणून तिने त्याला वाटेला लावले. एवढ्याशा फटीसाठी निम्मा साठा द्यायचा म्हणजे काय, असे स्वतःशी पुटपुटत तिने ती फट आपणच बुजवायची ठरवली.

आता खारीला बुजवण्याचा एकच प्रकार ठाऊक. तिने ढिगातले मूठभर हरभरे घेतले आणि एकेक दाणा फटीत ठोकून बसवला. दुपारपर्यंत फट दिसेनाशी झाली. खार आपल्या कामावर इतकी खूश झाली की शेपटी उडवत तिने झाडाला चार फेऱ्या मारल्या.

तुमच्या घरी उसळीसाठी हरभरे भिजत घालतात ना? मग पुढे काय झाले ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. रोज पहाटे दव पडे. खोडावरून ओघळणारे ते पाणी फटीतले हरभरे पिऊन घेत आणि फुगत. चौथ्या दिवशी सकाळी 'कड्' असा आवाज झाला. खार दचकून मागे वळली, तर जिथे आधी हरभऱ्याचा दाणाही जेमतेम शिरत होता, तिथून आता अख्खा पंजा बाहेर जात होता.

पुन्हा सुतारपक्षी आला. "आता सगळा साठा लागेल," तो म्हणाला. "आणि पौर्णिमा झाल्याशिवाय मला सवड नाही."

"माझी पिल्ले त्याआधीच येतील हो."

"मग थांबायला सांगा त्यांना," असे म्हणून तो उडून गेला.

खार पाणी प्यायला ओढ्याकडे निघाली. वाटेत वाळव्यांचे एक वारूळ होते. एरवी ती त्याच्या अंगावरून उड्या मारत जाई. पण त्या पहाटे एका अस्वलाने ते पंज्याने फोडून अर्धे उघडे टाकले होते. आतले बोगदे, कोठ्या, वाटा सगळे उन्हात आले होते. खारीला वाटले, यांचे तर माझ्याहून वाईट झाले. दम घ्यायला म्हणून ती तिथे टेकली, आणि मग तिला उठवेना.

त्या मोडक्या कडेवर हजारो वाळव्या आल्या होत्या. त्यांना डोळे नव्हते. कोणी कोणाला हाक मारत नव्हते, कोणी हुकूम सोडत नव्हते. एक वाळवी यायची, तोंडातला मातीचा कण लाळेने ओला करायची, कडेला चिकटवायची आणि मागे फिरायची. तिच्या जागी दुसरी यायची. कण केवढा, तर खारीच्या मिशीच्या टोकावर मावेल एवढा. पण खारीच्या डोळ्यांदेखत ती कड पुढे सरकत होती. उन्हे माथ्यावर आली तोवर एक बोगदा झाकलाही गेला. खार इतका वेळ स्थिर बसलेली त्या जंगलात आजवर कोणी पाहिली नव्हती.

तिने हळूच एका वाळवीला विचारले, "बाई, एवढे मोठे घर मोडले, तर तुम्ही बोलवता कोणाला?"

"कशाला बोलवायचे?" वाळवी म्हणाली. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"दुरुस्तीला. वारूळ बांधणे ज्याला येते अशा कोणाला तरी."

"वारूळ बांधणे आमच्यातल्या कोणालाच येत नाही," वाळवी म्हणाली. "मला एक कण चिकटवता येतो. तो वाळला की त्यावर दुसरा." आणि ती नवा कण आणायला निघून गेली.

खारीने त्या वारुळाकडे खालून वर पाहिले. ते तिच्यापेक्षा कितीतरी पट उंच होते, आणि ते बांधणे कोणालाच येत नव्हते.

त्याच दुपारी तिने कामाला हात घातला. आधी फटीतले फुगलेले हरभरे दातांनी कोरून काढले आणि खाऊन टाकले; भुकेलाही ते उपयोगी पडले. कोरता कोरता फटीतले कुजके लाकूडही निघाले आणि आत टणक लाकूड लागले. ओढ्याकाठून तिने तोंडात धरून चिकणमाती आणली, झाडाची साल चावून तिचे तंतू काढले, धावड्याचा डिंक आणला आणि सगळे एकत्र मळले. पहिला गोळा तिने खारीच्या सवयीने, म्हणजे घाईघाईने, एकदम थापला. तो तसाच निसटून खाली पडला. मग तिला ते वाळवीचे बोलणे आठवले. तिने नखाएवढा पातळ थर लावला आणि ती वाळण्याची वाट पाहत बसली. हे वाट पाहणेच तिला सगळ्यांत अवघड गेले. शेपटी नुसती थरथरत होती. पण ती बसली.

रोज एक थर चढत गेला. कुठे भेग पडली, तर तिने तिथले खरवडून पुन्हा लावले. सुतारपक्षी एकदा शेजारच्या फांदीवरून पाहून गेला. सातव्या दिवशी दुपारी फटीचे एक टीचभर तोंड उरले असताना तिला कळा सुरू झाल्या. वारा तेवढ्यातूनही शीळ घालत आत येत होता. कळ आली की ती भिंतीला टेकून थांबे, आणि ओसरली की पुन्हा माती मळायला घेई. सूर्य कलता कलता शेवटचा थर बसला आणि अंधार पडायच्या आत ढोलीत चार पिल्ले आली.

दुसऱ्या दिवशी जंगलात त्या वर्षीची सगळ्यांत कडाक्याची थंडी पडली. वारा असा सुटला की सागाची पाने झाडांवर ठरेनात. खार पिल्लांभोवती अंगाचे कडे करून, मिटल्या डोळ्यांनी, गार झोताची वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. पिल्लांखाली तिने शेवरीचा कापूस अंथरला होता. त्यातला एक तंतू अगदी फटीपाशी, भिंतीला लागून उभा होता, आणि तो हलत नव्हता. तिने भिंतीला कान लावला. पलीकडे वारा घोंगावत होता. अलीकडे चार इवल्याशा पोटांचे वरखाली होणे तेवढे चालू होते, आणि ढीगही जवळजवळ सगळा जागेवर होता.

ती भिंत काही देखणी नव्हती. जागोजाग उंचवटे होते आणि तिच्या नखांचे ओरखडे तसेच वाळले होते. खारीने एका ओरखड्यावर हलकेच पंजा ठेवून पाहिला. तो तंतोतंत बसला. मग तिने दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरले आणि ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. हे पंजे फक्त दाणे धरायला आहेत असे तिला जन्मभर वाटत आले होते.

तात्पर्य : आपल्या घराची डागडुजी आपल्याला जमणार नाही असे ठरवण्याआधी तिचा पहिला पातळ थर स्वतः लावून पाहावा आणि तो वाळेपर्यंत धीर धरावा; साठा वाचतो, घर वाचते, आणि आपल्या हातांची खरी ओळखही तेव्हाच होते.