करकोच्यांची शाळा

फार मागे, आफ्रिकेतल्या एका माळावर समुद्रापलीकडच्या करकोच्यांनी मुंगसांच्या पिल्लांसाठी लाकडी शाळा बांधली आणि ते उडून गेले. वर्षाने त्यांच्यातला एक तरुण करकोचा परतला. पाहतो तर मधला खांब वाळवीने पोखरलेला, आणि आत पिल्लं पाढे म्हणत होती.

"बाहेर पळा!" तो ओरडला. शेवटचं पिल्लू निघालं आणि छप्पर धाडकन कोसळलं.

करकोचा धावत आलेल्या म्हाताऱ्या मुंगसाला म्हणाला, "मुंगूसआजी, वाळवी कुणालाच दिसली नाही?"

"दिसत होती की. तोंडाला पाणी सुटायचं."

"मग खाल्ली का नाही?"

"दुसऱ्याच्या घराला न विचारता तोंड लावायचं नाही, ही आमची रीत."

"दुसऱ्याचं? अहो, शाळा तुमचीच होती!"

"आमची? बांधताना आम्हाला काही विचारलं होतंत का रे?"

"पण आत पिल्लं तुमची होती, आजी!"

आजीने धुळीने माखलेल्या नातवाला पोटाशी ओढलं.

सकाळी करकोचा चोचीत नवं लाकूड घेऊन आला. आजी वाटेतच उभी होती.

"ठेव ते खाली. शाळा कुठे बांधायची, ते आधी आम्ही ठरवतो. मग तुला काम सांगू."