बारा पितळी वाट्या

फार मागची गोष्ट, इतकी मागची की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे एका तांबटाची विधवा एकटी राहायची. नवऱ्याने स्वतःच्या हाताने ठोकलेल्या बारा पितळी वाट्या तिच्या फळीवर होत्या. रोज चिंचेने घासायची, पुसायची, पुन्हा ओळीने मांडायची.

हात मोठा सढळ. काही चांगलंचुंगलं केलं की शेजारी दिल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. पण वाटी हरवेल, तिला पोचा येईल, म्हणून द्यायची ते पळसाच्या द्रोणात. लोकांच्या उंबऱ्याबाहेरूनच द्यायची आणि परत काही आणू नका म्हणून वळायची. लोक खायचे, नावाजायचे, द्रोण उकिरड्यावर टाकायचे.

घरी येऊन ती दाराकडे तोंड करून जेवायला बसायची. दोन पाट मांडायची खोड काही सुटली नव्हती. बाहेर पाऊल वाजलं की मान वर करायची. पाऊल पुढे निघून जायचं.

होळीला तिने कटाची आमटी केली. पळसाला तेव्हा नुसती फुलं, पान एकही नाही. नाइलाजाने एक वाटी भरून शेजारणीला दिली.

दोन दिवस गेले, चार गेले. वाटी आली नाही. फळीवरची मोकळी जागा म्हातारीला सारखी खुपायची. पाचव्या दिवशी शेजारीण पायरी चढून आली. वाटीत मेथीची भाजी होती.

"उशीर झाला, काकी. रिकामी कशी आणणार? वाफ्यातली मेथी हाताला येईतो थांबले."

"इतकी वर्षं देतेय, तुला आज रस्ता सापडला होय गं?"

"द्रोण परत करायला कोण येतं, काकी? त्यात तुम्हीच म्हणायच्या, काही आणू नका. आम्हाला वाटलं, तुम्हाला माणसांचा कंटाळा आहे."

म्हातारीने वाटी हातात घेतली. मग तिने दुसरा पाट पुढे सरकवला.

पुढे त्या बाराही वाट्या गावभर फिरल्या. दोन चेपल्या, एक गेली ती गेलीच. फळी बहुतेक मोकळीच असायची, पायरी मात्र नसायची. आणि म्हणतात, शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत त्या गावात तेव्हापासून पडली.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: घेणाऱ्याला परत आपल्या दारी यायला वाट ठेवली, तरच देणं पुरं होतं.